सगळ्यात थंड डबा

२ मार्च

ही वही ह्यांनी आणून दिली. म्हणाले, "तुझा राग रोज संध्याकाळी माझ्या कानात ओततेस, त्यापेक्षा ह्यात ओत. वहीचे कान तरी दुखत नाहीत." शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेला माणूस, विनोद करायला त्याला दिवस मोकळा असतो. मला नसतो. पण एका अर्थी बरंच झालं. माझ्या नशिबी जी एकेक रत्नं आली आहेत, त्यांची नोंद कुठेतरी राहायला हवी.

शहरातली बारा लसीकरण केंद्रं माझ्या देखरेखीखाली आहेत, आणि त्यांच्यावरचं संशोधनही माझंच. गेल्या उन्हाळ्यात वीज गेली, जनरेटरवाला गायब झाला, आणि खोकीच्या खोकी लस तापून फेकून द्यावी लागली. तेव्हा मी नियम घातला. सकाळी कोठारातून लस न्यायची तर आइसपॅक फ्रीझरमधून काढायचे ते थेट डब्यात. मध्ये चहा नाही, गप्पा नाहीत, "जरा टेकते बाई" नाही. आणि दर महिन्याला ज्या केंद्राचा डबा सगळ्यात थंड भरेल त्याला ढाल. पितळी, चांगली वजनदार. तेव्हा सगळे तोंडावर हात धरून हसले होते. आता त्याच ढालीसाठी नर्सबाया एकमेकींच्या झिंज्या उपटायच्या तेवढ्या बाकी आहेत. लशीच्या बाटलीला एक स्टिकर असतो, त्यातला पांढरा चौकोन उष्णता लागली की काळवंडतो. वर्षभरात माझ्या केंद्रांवर एकही चौकोन काळवंडलेला नाही. उगाच नाही झालं ते.

आणि एवढं करून आता हे नवीन झेंगट. तिन्ही डोस पूर्ण झालेल्या मुलांना डांग्या खोकला होतोय. एकदोघांना नाही, चांगला घोळक्यानं. दोन तान्ही मुलं दगावली. साहेबांनी मला बोलावून सांगितलं, "डॉक्टर, का होतंय ते शोधा. मे अखेर अहवाल." साहेबांना स्वतःचा चष्मा शोधून मिळत नाही, त्यामुळे शोधायची कामं माझ्याकडे येतात.

५ मार्च

आजारी मुलांच्या घरी फिरले. माझा अंदाज पहिल्यापासून एकच आहे: मुलांना डोस मिळालेलेच नाहीत. कार्डावर शिक्के मारायला काय जातं?

एका घरी बाई दारातच कार्ड घेऊन उभी. "मॅडम, तिन्ही दिलेत. बघा तारखा."

"तारखा शाईच्या असतात बाई. सुई टोचली होती का मुलाला?"

"टोचली म्हणजे काय! मांडीवर गाठ आली होती केवढी, आठवडाभर होती. इथे सगळ्याच पोरांना येते."

गाठ. प्रत्येक दारात तीच गाठ ऐकली. खोकल्याचं विचारायला जावं तर ह्या मला गाठी सांगतात. मी म्हटलं, येतेच थोडी, कपडा ओला करून ठेवायचा. मूल ह्यांनी न्यायचं, तारखा ह्यांनी चुकवायच्या आणि वर नाचता येईना तर अंगण वाकडं.

दशांशाला सगळी कार्डं रजिस्टरशी ताडून बघायला सांगितलंय. दशांश म्हणजे आमचा आकडेवाला. वय तिशीच्या आत, दाढी विरळ, आणि बोलतो ते दशांश चिन्हासकट. "मॅडम, चौऱ्याऐंशी पूर्णांक तीन." अरे, मूल कधी पूर्णांक तीन असतं का?

८ मार्च

ठकूचा पहिला डोस झाला.

ठकू म्हणजे लेकीची लेक. नावावर घरात एकमत होईना, तोवर ठकू. जावई जहाजावर, म्हणून लेक बाळंतपणापासून आमच्याकडेच आहे. तिचं म्हणणं, कोपऱ्यावरच्या केंद्रात जाऊन यावं, चालत पाच मिनिटं. मी म्हटलं, जीव गेला तरी नाही. कोपऱ्यावरचं केंद्र सावकाशबाईचं; तिथली नर्स, सगळं ऑफिस तिला ह्याच नावानं ओळखतं. त्या बाईनं वर्षभरात एकदाही ढाल जिंकलेली नाही. तिचा डबा उघडावा तर आतून गार हवासुद्धा येत नाही धड.

मी स्वतः कोठारातून बाटली आणली. माझ्या डब्यात, माझ्या हातानं रचलेले आइसपॅक, चारही बाजूंनी आणि वर एक जास्तीचा. घरी उघडला तर बाटली इतकी गार की बोटांना चिकटली. हे म्हणाले, "अगं, लस आणलीस की कुल्फी?" ह्यांना काय कळतंय! तळाशी जरा साका बसला होता, तो खळाखळा हलवून मोडला आणि दिली. ठकू एकदाच किंचाळली, मग माझ्याकडे बघून ओठ काढले. काय तो ओठ! मी तिला सांगितलं, "रड गं माझे बाई, पण ह्या शहरात तुझ्याइतकी जपून आणलेली लस कोणाला मिळालेली नाही."

लेक म्हणाली, "आई, तू दिलीस ना, आता मी निर्धास्त."

१७ मार्च

सावकाशबाईला आज रंगेहाथ पकडली. न सांगता गेले. बघते तर आइसपॅक फ्रीझरमधून काढून टेबलावर मांडलेले, रांगेत, जसं काही वाळवण घातलंय, आणि बाई चहा ढवळतेय. आइसपॅकना घाम सुटलेला, आतून पाणी डुचमळतंय. शेजारी लस बसलीय वाट बघत.

"हे काय चाललंय?"

"काही नाही मॅडम, चहा. घेता?"

रोज असंच! चहा होईपर्यंत आइसपॅक बाहेर, मग मावशींशी दोन शब्द, मग बाईसाहेब डबा भरणार. बारा वर्षं नोकरी झालीय म्हणे. पालथ्या घड्यावर पाणी. मी तिथल्या तिथे मेमो दिला, आणि सगळ्यांसमोर म्हटलं, "तुमच्या आळसापायी एखादं मूल गेलं तर त्याच्या आईला तोंड दाखवाल का?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं. येऊ दे. पाण्यानंच माणूस धुतला जातो.

संध्याकाळी हे म्हणाले, "एवढं बोलायला नको होतं." मग कोणी बोलायचं?

२७ मार्च

कार्डं खरी निघाली. सगळी. रजिस्टरशी तंतोतंत. म्हणजे डोस दिलेत. माझा अंदाज चुकला, लिहून ठेवते. खोटं लिहायला ही काय सरकारी वही आहे?

पण आजचा दिवस दशांशाचा. त्यानं भिंतीवर शहराचा नकाशा लावला, खोकल्याच्या प्रत्येक मुलासाठी लाल टाचणी, आणि ज्या केंद्राला जितक्या वेळा ढाल तितक्या तिथे हिरव्या टाचण्या. मला बोलावून बाजूला उभा राहिला, मांजरानं उंदीर आणून ठेवावा तसा.

"मॅडम, जिथे ढाली जास्त, तिथे खोकला जास्त."

मला हसूच आलं. "अरे राजा, जिथे दिवा असतो तिथेच किडे दिसतात. माझी चांगली केंद्रं प्रत्येक खोकला नोंदवतात. आळशी केंद्रं नोंदवतच नाहीत. हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळतं."

"मलाही तसंच वाटलं. म्हणून केंद्रांची नोंद घेतलीच नाही. ह्या टाचण्या इस्पितळात दाखल झालेल्या आणि तपासणीत नक्की ठरलेल्या मुलांच्या आहेत. पत्त्यावरून लावल्यात." मग नकाशाच्या एका मोकळ्या कोपऱ्यावर बोट ठेवून, "सावकाशबाईंच्या भागात एकही नाही."

"नशीब लागतं त्याला."

"मॅडम, एक विचारू? डबा किती थंड असला म्हणजे ढाल मिळते?"

"जितका थंड तितका चांगला."

"शून्याच्या खाली गेला तरी?"

मी म्हटलं, "लस गोठू देऊ नये हे मला माहीत आहे, बाळा. मी ते तू चड्डीत होतास तेव्हापासून शिकवतेय. पण ते थंड मुलखांसाठी. इथे बाहेर डांबर वितळतंय आणि तुला बर्फाची काळजी! तू बेरजा कर." कानामागून आली आणि तिखट झाली, त्यातला प्रकार. नकाशा मात्र त्यानं काढला नाही. मी पण काढायला सांगितला नाही. का, कोण जाणे.

५ एप्रिल

ठकूचा दुसरा डोस. पहिल्या वेळची गाठ अजून हाताला लागते, वाटाण्याएवढी. लेकीनं विचारलं, "हे असं राहतं का?" मी म्हटलं, राहतं. आज दुसऱ्या मांडीत दिली. ऊन मरणाचं, म्हणून वाटेत आणखी दोन आइसपॅक घातले.

ठकू आता माझा आवाज ओळखते. मी ऑफिसातून येऊन कोणाला तरी शिव्या द्यायला लागले की मान वळवते. हे म्हणतात, पोरीचं शिक्षण योग्य वयात सुरू झालंय.

१६ एप्रिल

ठकूला खोकला आहे. सर्दीचा. घरात पंखा दिवसभर, त्यात लेक तिला केस ओले ठेवून निजवते.

१९ एप्रिल

खोकला आहेच. उबळ आली की तोंड लाल होतं, मग दूध बाहेर. लेक म्हणाली, "आई, नाकातला नमुना घेऊन तपासूया का? तुझ्याच प्रयोगशाळेत द्यायचाय."

मी म्हटलं, कशाला? डांग्या असता तर खोकल्यानंतर श्वास ओढल्याचा तो आवाज आला असता. येतो का? नाही. आणि तिला लस मी दिलीय. मी! रस्त्यावरच्या कोणी नाही. माझ्याच नातीचा नमुना माझ्याच प्रयोगशाळेत डांग्यासाठी पाठवला तर उद्या पोरंटोरं हसतील. लेकीला लहानपणापासून शिंक आली तरी न्यूमोनिया वाटतो.

२१ एप्रिल

आज पुन्हा तेच. "तपासून बघायला काय जातं?" मी चिडले. म्हटलं, "घरात डॉक्टर मी की तू?" हे वर्तमानपत्राआडून म्हणाले, "तपासणीला डॉक्टर लागत नाही, कापसाची काडी लागते." घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं!

रागावून मी जेवले नाही. ठकू मात्र पीत नाहीये नीट. दोन घोट घेते आणि दमते.

२३ एप्रिल

इस्पितळात बसून लिहितेय.

सकाळी लेकीनं हाक मारली, ती हाक मी जन्मात विसरणार नाही. ठकू खोकत नव्हती. काहीच करत नव्हती. ओठ जांभळे, डोळे उघडे, श्वास नाही. मी पाठीवर थोपटलं, तळव्यांवर टिचक्या मारल्या, मग ती एकदम हुंदका देऊन परत आली. गाडीत पुन्हा तसंच झालं.

नाकातला नमुना इथल्या पोरगेल्या डॉक्टरनं घेतला. मला विचारलंही नाही. निकाल संध्याकाळीच आला. डांग्या.

एवढ्या लहान बाळांना तो श्वास ओढल्याचा आवाज येतच नाही. तेवढी ताकदच नसते त्यांच्या छातीत. त्यांचा खोकला नुसता थांबतो आणि श्वासही थांबतो. हे मी पंचवीस वर्षं वर्गात शिकवत आलेय, फळ्यावर लिहून, खाली दोन रेघा मारून. आणि चार दिवस माझ्या मांडीवर ते पोर हेच करत होतं.

शेजारच्या खाटेवरच्या बाईला लेक सांगत होती, "नाही हो, लस चुकवली नाही आम्ही. माझ्या आईनं स्वतः दिलीय. आई ह्याच खात्यात मोठी डॉक्टर आहे."

२५ एप्रिल

नळीतून प्राणवायू. ठकू अजून तशीच.

मी ऑफिसात गेले ते फक्त दशांशाचं तोंड बंद करायला. असं मी स्वतःला सांगितलं तरी. काल इस्पितळातून तासभर येऊन कोठारातली एक बाटली मुद्दाम फ्रीझरमध्ये टाकून गोठवली होती. आज ती विरघळवली. दुसरी घेतली सगळ्यात जास्त ढाली जिंकलेल्या केंद्राच्या डब्यातली. तिसरी कोठारातली, जी कधी डब्यात गेलीच नाही. तिन्ही एकदम हलवायच्या, टेबलावर ठेवायच्या आणि बघत बसायचं. चांगली लस दुधासारखी राहते. गोठून बिघडलेली फाटते: वर पाणी, खाली चोथा, आणि टोचली की मांडीत गाठ धरते. एवढी साधी परीक्षा. यंत्र लागत नाही, वीज लागत नाही. वर्षभरात मी ती एकदाही केली नाही.

मुद्दाम गोठवलेली फाटली. ढालवाल्या केंद्राची तिच्या बरोबरीनं फाटली. कोठारातली दुधासारखी तशीच उभी.

दशांश शेजारी उभा होता. मी वाट बघत होते की हा आता काहीतरी बोलेल, एखादा पूर्णांक फेकेल. तो म्हणाला, "मॅडम, पाणी आणू?" मला इतका राग आला त्याचा! जिंकलास ना मेल्या, तर जिंकल्यासारखा वाग की.

घरचा डबा आठवला. वरचा तो जास्तीचा आइसपॅक. वाटेत घातलेले आणखी दोन. बोटांना चिकटलेली बाटली, आणि मी खळाखळा मोडलेला तो साका.

बाराही केंद्रांना तिथूनच फोन केले: आजपासून डबे बंद, टोचणं बंद, कारण नंतर. पितळी ढाल कपाटावर होती. ती उचलून खाली ठेवली, मग कुठे ठेवावी कळेना, परत वर ठेवली.

२६ एप्रिल

साहेबांना सांगितलं. साहेब आधी पांढरे झाले, मग हळूहळू रंगात आले. अशा वेळी साहेबांची बुद्धी काय पळते! एरवी खुर्चीतून उठायला जिला तास लागतो तीच.

"डॉक्टर, तूर्त पुरवठा कमी आहे म्हणून सांगू. मग सगळ्यांना एक जादा डोस देऊ. वर्धक म्हणू. मोहीमच काढू."

"आणि आधीचे डोस नुसतं पाणी होते, हे?"

"ते कोणाला कळून काय फायदा? लोकांचा लशीवरचा विश्वास उडेल." मग आवाज मऊ करून, "आणि तुमच्या नातीचं म्हणाल, तर दोन डोसांनी कुठे पुरतं संरक्षण मिळतं? चांगली लस असती तरी झाला असता कदाचित."

हे खरं आहे. हेच मीही दुसऱ्या कोणाच्या आजीला सांगितलं असतं. म्हणूनच त्या माणसाच्या तोंडून ते ऐकताना मला किळस आली. त्याची नाही फक्त. कारण क्षणभर मला ते हवंसं वाटलं. दोन वर्षांत निवृत्ती आहे. वर्धक डोस. मोहीम. मुलांना लस मिळेलच, नाव जाणार नाही, लेकीला कळणार नाही. दिवसभर मी ते मनात घोळवलं. माझ्याबद्दल कोणाचा काही चांगला समज असेल तर त्यानं ही ओळ वाचावी.

२७ एप्रिल

सावकाशबाईच्या केंद्रावर गेले. तिच्या भागात टाचणी का नाही ते मला तिच्या तोंडून ऐकायचं होतं. आत शिरले तर ती उठून उभीच राहिली.

"बसा. तुम्ही आइसपॅक बाहेर का ठेवायचात? खरं सांगा, ओरडणार नाही."

"खरं सांगू मॅडम? थेट फ्रीझरमधले धरले की माझी बोटं दुखतात. मग सुई धरवत नाही. म्हणून ते जरा सुटेपर्यंत चहा घ्यायचे." बाईनं मान खाली घातली. "आळसच की तो."

घाम सुटलेला आइसपॅक लस गार ठेवतो, गोठवत नाही. आळस तर आळस, पण चहाच्या त्या कपानं त्या भागातली पोरं वाचली होती. मी म्हणणार होते की ह्यापुढे सगळ्यांनी तसंच करायचं. तोंड उघडलं, तेवढ्यात तीच म्हणाली:

"पण मेमो दिल्यापासून एक दिवस तसं केलं नाही हं. मोजे घालते हातात. थेट फ्रीझरमधून डब्यात. तुम्ही म्हणालात ना, त्याच्या आईला तोंड दाखवाल का... ते लागलं मला." मग मोजे चढवून आइसपॅक रिकाम्या डब्यात रचून दाखवले, आतून पांढरी वाफ आली. "बघा किती गार. फोन आला म्हणून थांबले, नाहीतर ह्या महिन्यात ढाल मलाच मिळाली असती, हो ना?"

त्या डब्यातून महिनाभर किती पोरांना टोचलं, ते मी विचारलं. तिनं अभिमानानं सांगितलं. मी तिथल्या स्टुलावर बसून रडले. बिचारी घाबरली, चहा करते म्हणाली.

२८ एप्रिल

साहेबांच्या टेबलावर लेखी अहवाल ठेवला: काय झालं, कोणाच्या नियमानं झालं, किती मुलांना पुन्हा पहिल्यापासून डोस द्यायचे. दशांशाचा नकाशाही जोडला, त्याच्या नावासकट. साहेब म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेताय." मी म्हटलं, "आतापर्यंत दुसऱ्यांच्या पोरांच्या पायावर मारत होते, साहेब. जरा बदल." उद्या केंद्राकेंद्रावर आयांना मीच सांगणार आहे. दोन पोरं गेली, त्यांच्या घरी आधी.

मग इस्पितळात. ठकूची नळी अजून आहे, पण आज तिनं माझं बोट पकडलं. लेक खिडकीशी केस विंचरत होती. तिला सगळं सांगितलं. डबा, बर्फ, ढाल, साका. मध्ये थांबले असते तर पुढे बोलवलं नसतं.

तिनं कंगवा खाली ठेवला. मग म्हणाली, "लस बिघडलीय हे तुला माहीत नव्हतं, आई. ते मी समजू शकते. पण मी म्हणत होते ना तपासूया? दोनदा म्हटलं. तू मला म्हणालीस, डॉक्टर मी की तू."

मी म्हटलं, "हो."

"बाहेर बसतेस का थोडा वेळ?"

बाहेर बसले. हे येऊन शेजारी बसले. आज त्यांनी विनोद केला नाही.

१४ मे

ठकू घरी. खोकला अजून महिनाभर पुरेल, पण ओठ गुलाबी. वजन घटलंय, आवाज मात्र शाबूत. सकाळी दूध उशिरा मिळालं म्हणून सगळी आळी गोळा केली.

आयांच्या सभा चालू आहेत. कुठे शिव्या, कुठे कागदाचा बोळा, एका ठिकाणी चप्पल उगारली गेली. ज्यांची मुलं गेली त्या दोन्ही घरी कोणी शिवी दिली नाही. एका घरी मुलाच्या आईनं मला बसायला पाट दिला आणि स्वतः भिंतीशी उभी राहिली. उठून कसं निघावं, मला कळेना. मूर्खांची नोंद ठेवायला ही वही घेतली होती. ती नोंद आता एका नावावर येऊन थांबली आहे. चौकशी समिती बसलीय. समितीत तीन माणसं, त्यातल्या दोघांना लस कुठल्या बाजूनं उघडते हे ठाऊक नाही, पण चहा वेळेवर लागतो.

९ जून

संध्याकाळी घरी आले तर ठकूच्या मांडीवर छोटी पट्टी.

"लस दिलीस?"

"दिली."

"इस्पितळवाल्यांनी म्हटलंय ना आता चालेल म्हणून? कुठे दिलीस? कुठल्या केंद्रात? मला सांगायचंस, मी आले असते. आइसपॅक कसे होते, बघितलंस का? बाटली हातात घेऊन हलवून..."

"आई." एवढंच. रागानं नाही. रागानं म्हणाली असती तर मी भांडले असते.

ठकू माझा आवाज ऐकून मान वळवून बघत होती. हात पुढे केले. मी पर्स टाकून तिला घ्यायला वाकले. लेकीनं तिला उचललं आणि ह्यांच्याकडे दिलं.